काळ्या शाईच्या बाह्या

दुबईत पाऊस वर्षातून चार-पाच वेळाच पडतो, पण पडला की कुणाची तरी फजिती करूनच जातो. अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतल्या एका शुक्रवारी त्यानं उझमाला गाठलं. ती मामू-मामींकडे राहायची आणि मामींना सालनासाठी, म्हणजे रश्श्यासाठी, नारळ हवा होता. तो आणायला ती करामाच्या बाजारात उतरली आणि नारळ हातात पडेपर्यंत रस्त्याचा ओढा झाला होता. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात चपला, भिजलेली ओढणी मानेला चिकटलेली... अशा थाटात जे पहिलं उघडं दार दिसलं त्यात ती शिरली.

ते दुकान शहरबानू खालांचं निघालं. खाला मूळच्या म्हसळ्याच्या. नवरा वारल्यावर गावी परत न जाता त्यांनी इथंच जुन्या पुस्तकांचं दुकान थाटलं होतं. अर्धा करामा त्यांच्या ओळखीचा होता आणि उरलेल्या अर्ध्याची त्यांना खडान्‌खडा माहिती होती.

"ये गं उझमा. फरशी भिजव हवी तेवढी, पुस्तकं तेवढी सांभाळ," त्या गल्ल्यावरून म्हणाल्या.

आत आणखी एक गिऱ्हाईक होतं. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला ओळीनं तीन पेन्सिली लावलेला एक तरुण मासिक उघडून ट्यूबलाइटखाली धरून उभा होता. कुणी आत आलंय याचा त्याला पत्ताही नव्हता.

"खाला, मी सांगतो ना, हात बदललाय."

"कुणाचा हात?"

"काळं करणाऱ्याचा. हे त्याआधीचे अंक बघा. नुसती खाडाखोड, रागारागानं फासल्यासारखी. आणि हा नोव्हेंबरचा... ही बाही आहे, खाला. खरीखुरी बाही. खांद्याला चुण्या घेतल्यात, मनगटाशी पट्टी आहे. कुणीतरी या बाईला मापानं शिवून दिलीय."

उझमाच्या हातातला नारळ निसटला आणि गडगडत जाऊन त्याच्या बुटाशी थांबला.

निसटेल नाही तर काय? ती बाही तिनंच शिवली होती, म्हणजे काढली होती.

गोष्ट अशी होती. उझमा एका कंपनीच्या अल कूझमधल्या गोदामात कामाला होती. विलायतेहून येणारी मासिकं तिथं उतरायची आणि दुकानांत जाण्याआधी त्यांतल्या बायकांचे उघडे दंड, पाठी, मांड्या काळ्या मार्करनं झाकायच्या, असा कंपनीचा नियम होता. लांबलचक टेबलाशी चार बायका बसायच्या. पानं उलटायची, काळं करायचं, पुढचा गठ्ठा घ्यायचा. त्यात जुन्या हॉलिवूडवरचं एक मासिक दर महिन्याला यायचं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या नट्या, त्यांचे मोठाले फोटो, त्यांची आयुष्यं. त्या बायकांना उघड्या खांद्यांचं भारी वेड, त्यामुळे त्या अंकाला सगळ्यात जास्त शाई लागायची.

उझमाची आई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात शिवणकाम करायची. उझमा कापडाच्या चिंध्यांत लोळतच मोठी झालेली. एवढ्या देखण्या बाईच्या खांद्यावर वाकडातिकडा काळा पट्टा ओढायचा म्हणजे तिच्या जिवावर यायचं. आधी तिनं कडा सरळ केल्या. मग एका नटीला फुग्याची बाही दिली, एकीला बंद गळा. पुढं पुढं तर ती अंक उघडायच्या आधीच ठरवायची, या खेपेला कुणाला काय शिवायचं. गोदामाचे इन्चार्ज राजाभाऊ गठ्ठे मोजण्यात गुंग असत, त्यांनी कधी पान उघडून पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नव्हतं.

आणि आज हा माणूस ट्यूबलाइटखाली धरून बघत होता.

त्यानं वाकून नारळ उचलला. "तुमचा?"

"हो."

"फुटला नाही."

"नारळ आहे तो. इतक्यात फुटत नसतो."

"नशीबवान," तो म्हणाला आणि हसला. ते हसू उझमाला नको तितकं आवडलं, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

त्याचं नाव झैद मुकादम. बाणकोटचा. अबू धाबीजवळ मुसफ्फात लोखंडाचं फॅब्रिकेशन करणाऱ्या वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होता. थोरली बहीण सुरैय्या करामात राहायची, म्हणून दर शुक्रवारी शेअर टॅक्सीनं दुबईला यायचा, तिच्याकडे जेवायचा आणि दुपार उलटल्यावरची आसरची नमाज झाली की खालांच्या दुकानात जुनी मासिकं चाळत बसायचा.

"तीन दिरहमला अंक," तो उझमाला म्हणाला, "म्हणजे आपले तेहतीस रुपये. तेहतीस रुपयांत अशी बाही कोण शिवून देतो, सांगा बघू?"

"मला काय माहीत? असेल कुणी बंगाली चाचा."

"छे. बाई आहे ती. चूण कुठून सुरू होते हे पुरुषाला कळत नसतं."

"तुम्हाला बरं कळतं."

"आपा शिवायची. मी तिला बटणं लावून द्यायचो."

"मग असेल एखादी बाई. चार पोरांची आई, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा."

"असेना का. मला कुठं तिच्याशी लग्न करायचंय?" तो पुन्हा पानाकडे बघू लागला. मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखा, "...करायलाही हरकत नाही म्हणा."

खालांनी चष्म्यावरून उझमाकडे पाहिलं. उझमा नारळाच्या शेंडीकडे बघत होती.

पाऊस थांबला तरी ती आणखी पंधरा मिनिटं तिथंच होती. घरी गेल्यावर मैमुनाबी मामींनी विचारलं, "नारळ आणायला रत्नागिरीला गेली होतीस का?"

तिनं त्याला सांगितलं का नाही? एक तर राजाभाऊंची सक्त ताकीद होती, गोदामातलं गोदामात. पण खरं कारण वेगळंच होतं. तोंडावरचं कौतुक कुणीही करतं. आपल्या पाठीमागचं कौतुक आपणच समोर बसून ऐकायचं, ही चैन उझमाला पहिल्यांदाच मिळत होती आणि ती सोडवत नव्हती.

मग शुक्रवार लागोपाठ येऊ लागले. मामींना दर शुक्रवारी नेमकं काहीतरी कमी पडायचं आणि उझमा ते आणायला तत्परतेनं उठायची. खालांच्या दुकानात वेताचे दोन बुटके मोडे होते, मध्ये मासिकांची चळत. खाला गल्ल्यावर ठाण मांडून बसलेल्या, त्यामुळे कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. झैद फोटो बघायचा. मजकूर मात्र तिला विचारायचा, कारण त्याचं इंग्रजी ड्रॉइंगपुरतं होतं आणि उझमा काळं करता करता अंकच्या अंक वाचून काढायची.

"ही कोण?"

"क्लॉडेट कोल्बेर. हिला स्वतःची डावी बाजूच पसंत होती. तिकडूनच फोटो घ्यायला लावायची. त्यासाठी म्हणे सेटची मांडणी फिरवायला लावायची."

झैदनं तिच्याकडे आधी या बाजूनं पाहिलं, मग मान कलती करून त्या बाजूनं. "तुमची कुठली बाजू चांगली?"

"माझ्या दोन्ही बाजूंना मामू उभे असतात."

तो इतका हसला की खालांनी त्याला पाणी दिलं.

रिटा हेवर्थची गोष्ट तिनं सांगितली तेव्हा तो हसला नाही. मूळचं नाव मार्गारिटा. स्टुडिओनं नाव बदललं, केस रंगवले, कपाळ मोठं दिसावं म्हणून पुढचे केस विजेच्या सुईनं मुळापासून जाळून काढले. ऐकता ऐकता त्याचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला.

"मग तिचं स्वतःचं काय उरलं?"

"नाच. तो तिला बापानं शिकवलेला होता. त्याला कुणाला हात लावता आला नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि खरोखर सुटकेचा श्वास टाकला. मेलेल्या माणसाबद्दल इतकं मनापासून बरं वाटून घेणारा पुरुष उझमानं पाहिला नव्हता. त्या दिवशी ती बाजारातून काय आणायला आली होती तेच विसरून घरी गेली.

हेडी लामारनं लढाईच्या दिवसांत एका संगीतकाराच्या जोडीनं टॉर्पेडोंसाठी बिनतारी संदेशाची युक्ती शोधून तिचं पेटंट घेतलं होतं, हे ऐकल्यावर झैद दोन शुक्रवार दुसरं काही बोलेना. "जगातली सगळ्यात सुंदर बाई म्हणायचे हिला, आणि घरी बसून ड्रॉइंग करायची," तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. उझमाला थोडा रागच आला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या बाईचा मत्सर करायला लागलो म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, एवढं तिला कळत होतं.

आणि एकदा ऑलिव्हिया डी हॅविलंड. तेव्हा नट्यांना स्टुडिओशी सात वर्षांचा करार करावा लागे. नको ती भूमिका नाकारली की बिनपगारी घरी बसवत आणि ते दिवस वर कराराच्या शेपटाला जोडत. सात वर्षं कधी संपायचीच नाहीत. ही बाई कोर्टात गेली.

"म्हणजे आपल्यासारखंच," झैद म्हणाला. "व्हिसा त्यांचा, आपण त्यांचे. जिंकली?"

"जिंकली. पण तोवर जवळजवळ दोन वर्षं काम नव्हतं."

"तुम्ही गेला असता कोर्टात?"

"माझा व्हिसा गेला असता," उझमा म्हणाली. दोघंही हसले, पण फार नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी तो निघताना दारात थांबला. "मी तिला शोधून काढणार आहे."

"कुणाला?"

"बाह्यावालीला. एवढं काम करते आणि कुणाला पत्ता नाही... हे बरोबर नाही. तिला कळायला हवं की कुणीतरी बघतंय."

उझमाच्या ओठांवर आलं होतं. तिला कळलंय. जानेवारीपासून कळलंय. पण खाला ऐकत होत्या, टॅक्सीची वेळ झाली होती, आणि पुढचा शुक्रवार होताच की. तिनं ते पुढच्या शुक्रवारवर ढकललं.

मंगळवारी राजाभाऊंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. राजाभाऊ पुण्याचे, मनानं चांगले, पण मालकाचा, म्हणजे अरबाबचा, विषय निघाला की त्यांचा आवाज बसायचा. आज तो पार खोल गेला होता.

"उझमा, हे काय आहे गं?"

टेबलावर दोन पानी फॅक्स होता. राजाभाऊ मोडत मोडत मराठीत वाचू लागले. "आदरणीय महोदय, मी आपल्या मासिकांचा नियमित वाचक आहे. आपल्याकडील एका अज्ञात कलाकाराच्या कामाकडे मी आपलं लक्ष वेधू इच्छितो. नोव्हेंबर अंक, पान एकवीस, फुग्याची बाही, चुण्या सात. पान चौतीस, बंद गळा, गुंड्या पाच. डिसेंबर अंक, पान नऊ, खांद्यावर शाल, शालीच्या काठाला फूल..." त्यांनी चष्मा काढला. "अशा एकोणीस नोंदी आहेत. तारीख, पान, सगळं. हे कौतुक आहे की पंचनामा?"

खाली सही होती. झैद मुकादम, ड्राफ्ट्समन, मुसफ्फा. पोस्ट बॉक्स नंबरसकट.

उझमानं ती सही दोनदा वाचली.

"शहाण्यानं अंकावरच्या शिक्क्यावरून आपला नंबर काढला आणि वर मालकाला कॉपी लावलीय," राजाभाऊ म्हणाले. "नियम साधा काळा रंग भरायचा आहे. तू सहा महिने तिथं टेलरिंगचं दुकान चालवतेयस, आणि मला माहीत नाही. अरबाब अल ऐनला गेलेत, शनिवारी येतील. मी माझ्याकडून सांगेन गं चार शब्द, पण... व्हिसा कॅन्सल केला तर तीस दिवसांत निघावं लागेल. मामूंना सांगून ठेव."

तिनं मामूंना सांगितलं नाही. तिनं कुणालाच सांगितलं नाही. तीन दिवस ती टेबलाशी बसून साधा, सरळ, मुका काळा रंग भरत राहिली आणि रोज संध्याकाळी बसमध्ये तीसमधून दिवस वजा करून बघत राहिली. गाव वाईट नव्हतं. आई होती, खाडी होती. पण गावात शुक्रवारी आसरनंतर काही नव्हतं. इतके दिवस ती नोकरीला नोकरी समजत होती. या तीन दिवसांत तिला कळलं की ती नोकरी गेली तर झैद जाणार आहे, आणि ते तिला सोसणार नाही.

शुक्रवारी झैद दुकानात आला तो हसतच.

"खबर आहे. टायपिस्टकडून इंग्रजीत लिहून घेतलं आणि तिच्या मालकाला फॅक्स केला."

"माहीत आहे," उझमा म्हणाली.

"कसं काय?"

"नोव्हेंबर अंक, पान एकवीस. चुण्या सात लिहिल्यात तुम्ही. आठ आहेत. एक घडीत गेलीय."

त्याची नजर खाली तिच्या हाताकडे गेली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या नखात शाईची काळी कड होती. ती कितीही घासली तरी जायची नाही, आणि गेले चार महिने ती ते बोट मिटून बसायची.

"तुम्ही..." तो मोड्यावर बसला. त्याचा चेहरा आधी इतका उजळला की उझमाला क्षणभर सगळं विसरायला झालं. मग तिनं बाकीचं सांगितलं. शनिवार, अरबाब, तीस दिवस. तो चेहरा उतरत गेला आणि तिला बघवेना.

"पण मालकाला कॉपी कशाला लावलीत?"

"आमच्याकडे तसंच करतात. कुणाचं चांगलं काम वर कळावं असं वाटत असेल तर मालकालाच कॉपी लावायची. नाही तर मधला माणूस गिळून टाकतो. मला वाटलं, तिला बढती मिळेल..." तो ताडकन उठला. "मी दुसरा फॅक्स पाठवतो. लिहितो, माझी चूक झाली. बाह्या नव्हत्या, डाग होते."

"खबरदार."

"मग उद्या मी येतो आणि त्यांच्या समोर—"

"तुम्ही काहीएक करायचं नाही."

तो दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारून आला. मग तिच्यासमोर थांबून एका दमात म्हणाला, "लग्न करू या. माझा पगार फॅमिली व्हिसात बसतो. व्हिसाची कामं बघणाऱ्या आमच्या पीआरओला विचारतो, लवकर होईल. तुम्हाला जावंच लागणार नाही."

गल्ल्यावर खालांनी हातातली पावती खाली ठेवली.

हे वाक्य ऐकायला उझमा चार महिने नारळ, कोथिंबीर, आगपेट्या आणत होती. ते आलं तेव्हा त्यात पगार होता, पीआरओ होता, व्हिसा होता.

"हे तुम्ही मला विचारताय, की भरपाई देताय?"

"म्हणजे?"

"नोकरी घालवली, म्हणून नवरा देताय. त्या नट्यांची लग्नं स्टुडिओवाले असेच जमवायचे, अडचण मिटावी म्हणून. मला तसलं नको." तिनं हातातला अंक चळतीवर ठेवला. "उद्या मी तुमच्या घरात असेन आणि मला कधीच कळणार नाही."

"काय कळणार नाही?"

"हा फॅक्स गेला नसता तर तुम्ही विचारलं असतं का, ते."

"विचारलं असतं."

"आता ते कसं कळणार, झैद?"

ती उठली, खालांना सलाम केला आणि बाहेर पडली. रस्त्यात तिनं रडून घेतलं. मेच्या उन्हात डोळे पुसले तरी कुणाला शंका येत नाही, हा दुबईचा एक फायदा आहे.

शनिवारी सकाळी दहा वाजता अरबाब आले. साठी उलटलेला माणूस, अंगात पांढरा पायघोळ कंदोरा, हातात जपाची तसबी. लहानपणी बापाबरोबर मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी मुंबईची. राजाभाऊंच्या केबिनमध्ये टेबलावर अंक पसरले होते. ते एकेक पान उलटत होते, फॅक्समधली नोंद बघत होते आणि बोटानं बाही चाचपत होते. राजाभाऊंच्या कपाळावर एसीतही घाम होता.

"तुम बनाया?"

"जी, अरबाब."

त्यांनी नव्या गठ्ठ्यातला एक अंक ओढला, उघडला आणि तिच्यापुढं सरकवला. पानभर फोटो होता. ग्रेटा गार्बो, खांदे उघडे, नजर दूर कुठंतरी. छत्तिसाव्या वर्षी, नाव शिखरावर असताना जिनं सिनेमा सोडला आणि पुन्हा मागं वळून पाहिलं नाही, ती. अरबाबनी मार्कर पुढं केला.

"ढको."

उझमानं मार्कर घेतला. दोन सरळ पट्टे मारले असते तर झालं असतं. चूक झाली, पुन्हा नाही होणार, असा त्याचा अर्थ झाला असता आणि बहुधा नोकरीही वाचली असती. राजाभाऊ डोळ्यांनी तेच विनवत होते. तिचा हात पानावर टेकला. समोर एक बाई होती आणि तिला नीट झाकायचं होतं. वाकडं कसं करायचं, हे उझमाला खरोखर येत नव्हतं.

तिनं गळ्यापासून सुरुवात केली. उभी कॉलर, खांद्यावर बेतशीर उतार, मग लांब, साधी बाही मनगटापर्यंत. रेघ कुठंही थरथरली नाही. शेवटी मनगटाशी गुंडी काढली आणि मार्करचं टोपण लावलं.

अरबाबनी अंक उचलून खिडकीशी नेला. एकदा जवळून पाहिला, एकदा लांबून. "राजाभाऊ, चमडी दिखती है?"

राजाभाऊ वाकून बघू लागले. "नहीं, अरबाब."

"कहीं भी?"

"कहीं भी नहीं."

"रूल क्या है? ढकना. ढका है. इतना अच्छा तो दर्जी भी नहीं ढकता." त्यांनी अंक गठ्ठ्यावर टाकला. "फिर ये टेन्शन किस बात का? खलास." दाराशी जाऊन ते थांबले आणि तसबीच्या हातानं डिसेंबरच्या अंकाकडे बोट दाखवलं. "लेकिन फूल नहीं. आस्तीन ठीक है. फूल मत बनाओ."

"जी," उझमा म्हणाली.

दार लागल्यावर राजाभाऊ खुर्चीत कोसळले आणि म्हणाले, "बाई, मला पाणी दे." तिनं पाणी दिलं. मग स्वतः प्यायली. मग तिच्या लक्षात आलं की चार दिवसांत आपण नीट श्वासच घेतलेला नाही. तिनं एक घेतला, आणखी एक घेतला, आणि छाती इतकी हलकी झाली की तिला तिथंच मोठ्यानं हसू आलं.

दुपारच्या सुट्टीत ती बाहेर आली. ऊन मी म्हणत होतं. रस्त्यापलीकडच्या कॅफेटेरियाबाहेर, फाटक्या छत्रीखाली झैद बसला होता. समोर चहाचे चार रिकामे ग्लास. काहीएक करायचं नाही म्हटलं होतं, तर त्यानं काही केलं नव्हतं, फक्त रजा टाकून पहाटेच्या टॅक्सीनं येऊन बसला होता. तिला बघून तो उठला आणि तसाच उभा राहिला.

"राहिली नोकरी," ती म्हणाली.

"व्हिसा?"

"तोही."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो मटकन खाली बसला. खांदे हलत होते, आणि तो हसतोय की रडतोय हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. उझमा समोरच्या खुर्चीवर बसली. काळी कड असलेलं बोट तिनं आज मिटलं नव्हतं.

अखेर त्यानं तोंड पुसलं. "म्हणजे आता तुम्हाला माझी काही गरज नाही."

"काडीची नाही."

"नोकरी आहे. व्हिसा आहे."

"आहे."

"मी आत्ता उठून मुसफ्फाला गेलो, तरी तुमचं काही अडणार नाही."

"काही म्हणजे काही नाही."

"आणि माझ्याकडून तुमचं आता काही नुकसानही झालेलं नाही. भरून देण्यासारखं काही राहिलं नाही."

"नाही."

तो पुढं वाकला. रात्रभर झोपला नसावा, डोळे लाल होते, पण त्यांत कालची घाई नव्हती आणि भीतीही नव्हती. काल ज्याची तिला खात्री हवी होती, ते आज त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर होतं.

"मग विचारतो," तो म्हणाला. "उझमा... माझ्याशी लग्न करशील?"

घाई कसली होती? कालपर्यंत तिच्याकडे तीस दिवस होते, आज सगळा वेळ तिचा होता. तिनं हात करून दोन चहा मागवले. चहा येईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला आणि तिनं त्याला बघू दिलं. चहा आला. तिनं फुंकर घालून एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "करीन."